नऊ पराभवांचा हंगाम: गोल्डन स्टेट वॉरियर्स, २०१५-१६

१२ डिसेंबर २०१५ ची रात्र, मिलवॉकी शहर. सामना संपत आला होता आणि प्रेक्षकांत '२४-१' असं छापलेले टी-शर्ट घातलेली मंडळी नाचत होती. शर्ट आधीच छापून आणलेले होते. गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ त्या रात्री मैदानात उतरला तेव्हा हंगामातले २४ पैकी २४ सामने जिंकून आला होता. त्याआधी एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगमध्ये, हंगामाची सर्वांत चांगली सुरुवात सलग १५ विजयांची होती, तीही इतिहासात दोनदाच झालेली. मिलवॉकी बक्सने हा २४ चा रथ १०८-९५ असा अडवला. एका साध्या साखळी सामन्यासाठी एखादं शहर आधीच कपडे शिवून बसतं, यावरूनच कळतं की तो संघ तेव्हा कुठल्या उंचीवर होता.

हंगाम संपला तेव्हा वॉरियर्सचे ७३ विजय आणि ९ पराभव झाले होते. शिकागो बुल्सचा ७२-१० हा वीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला. दोन महिन्यांनी हाच संघ सात सामन्यांच्या अंतिम फेरीत ३-१ अशा आघाडीवरून क्लीव्हलँडकडून हरला आणि त्यानंतर या ७३ विजयांकडे बघण्याची लोकांची नजरच बदलली. 'करंडक नाही तर विक्रमाला काय अर्थ' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा हा सगळा हंगाम नीट उलगडून बघावा असं वाटलं. माझ्या मते तो कळायचा असेल तर ७३ विजयांकडून सुरुवात करू नये, नऊ पराभवांकडून करावी.

आधीची जमवाजमव

एनबीएचा संघ साखळीत ८२ सामने खेळतो, ४१ घरी आणि ४१ बाहेर. तेव्हा हे ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन एप्रिलच्या मध्यावर संपणारे साडेपाच महिने होते. वॉरियर्सच्या तेव्हाच्या घरून, ओकलंडहून, बोस्टनला जायचं म्हणजे अख्खा देश ओलांडायचा, तीन तासांचा घड्याळफरक सोसायचा आणि अनेकदा दुसऱ्याच रात्री दुसऱ्या गावात खेळायचं. क्रिकेटमध्ये आपण 'दौरा' म्हणतो, त्याचे इथे हंगामभर लहान लहान तुकडे असतात. म्हणूनच चांगले संघही २५-३० सामने हरतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

वॉरियर्स हा काही मुळात श्रीमंतांचा, मानाचा संघ नव्हता. २०१० मध्ये जो लेकब आणि पीटर गुबर यांच्या गटाने तो ४५ कोटी डॉलरला घेतला. त्या गटात आपल्या मुंबईच्या जुहूमध्ये वाढलेले विवेक रणदिवे होते, उपाध्यक्ष म्हणून. २०१३ मध्ये त्यांनी आपला हिस्सा सोडून शेजारचा सॅक्रमेंटो किंग्ज घेतला. २०१५-१६ मध्ये या दोन संघांत चार सामने झाले आणि चारही वॉरियर्सने जिंकले.

संघाचा गाभा बाहेरून विकत आणलेला नव्हता, निवड प्रक्रियेतून, म्हणजे दरवर्षी सगळे संघ नव्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात त्या 'ड्राफ्ट'मधून, आलेला होता. स्टेफन करी २००९ मध्ये सातव्या क्रमांकावर, क्ले थॉम्पसन २०११ मध्ये अकराव्या, हॅरिसन बार्न्स २०१२ मध्ये सातव्या. आणि ड्रेमंड ग्रीन त्याच वर्षी थेट पस्तिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत. चौतीस वेळा कोणीतरी त्याला नको म्हटलं होतं.

पैशाचा एक योग इथे फार महत्त्वाचा आहे. करीचा घोटा सुरुवातीच्या वर्षांत सारखा दुखावत असे. त्यामुळे २०१२ मध्ये त्याने चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा, त्याच्या दर्जाच्या मानाने स्वस्त, करार केला. परिणाम असा की २०१५-१६ मध्ये जगातला सर्वांत चांगला खेळाडू स्वतःच्याच संघात पगाराच्या यादीत पाचवा होता. उरलेल्या पैशात आंद्रे इग्वोडाला, अँड्र्यू बोगट, शॉन लिव्हिंग्स्टन अशी अनुभवी माणसं ठेवता आली. बाकावर बसलेला माणूस मैदानात आला तरी खेळ खाली येत नसे, त्याचं मूळ या करारात आहे.

२०१४ मध्ये स्टीव्ह कर कोच झाला. पहिल्याच वर्षी ६७-१५ आणि विजेतेपद. हा कर म्हणजे ७२-१० वाल्या बुल्समध्ये खेळलेलाच माणूस. पण २०१५-१६ सुरू होताना तो बाकावर नव्हता. उन्हाळ्यात पाठीची शस्त्रक्रिया झाली, तिच्यातून गुंतागुंत झाली, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि डोकेदुखीने तो हैराण झाला. पहिले ४३ सामने त्याच्या जागी ल्यूक वॉल्टन या तरुण सहायकाने सांभाळले, ३९-४ असे. नियमाप्रमाणे ते सगळे विजय कागदावर करच्या नावे जमा झाले. वॉल्टनला 'महिन्याचा सर्वोत्तम कोच' हा किताब मिळाला तेव्हा त्याच्या नावावर अधिकृत एकही विजय नव्हता. मला या गोष्टीत संघाबद्दल बरंच काही दिसतं. घडी इतकी नीट बसली होती की मुख्य माणूस घरी असतानाही ती विस्कटली नाही.

खेळ नेमका काय होता

करीने त्या हंगामात ४०२ थ्री, म्हणजे लांबच्या रेषेपलीकडून तीन गुणांचे शॉट, मारले. आधीचा विक्रम २८६ चा होता आणि तोही त्याचाच, आदल्या वर्षीचा. विक्रम मोडताना लोक चार-पाचने पुढे जातात. हा ११६ ने पुढे गेला. त्याने थ्रीचे ८८६ प्रयत्न केले, म्हणजे यश ४५.४ टक्के. त्या वर्षी लीगची सरासरी ३५ टक्क्यांच्या जरा वर होती.

हिशेब सोपा आहे. थ्रीचे शंभर प्रयत्न, त्यातले पंचेचाळीस आत, म्हणजे १३५ गुण. बास्केटच्या अगदी खाली उभं राहून दोन गुणांचे शंभर प्रयत्न केले आणि साठ आत गेले, तरी १२० च होतात. म्हणजे करीने सात-आठ मीटरवरून मारलेला शॉट हा धिप्पाड सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, हाताच्या अंतरावरून टाकलेल्या बॉलपेक्षा फायद्याचा होता. बास्केटबॉलमध्ये शंभर वर्षं ज्याला धोक्याचा शॉट म्हणत होते, तो या एका माणसाच्या हातात सुरक्षित शॉट झाला.

पण एकटा करी ७३ सामने जिंकून देत नाही. मी ज्या एका चालीसाठी हे सामने पुन्हा पुन्हा बघितले, ती करी आणि ग्रीनची. ग्रीन वर येऊन करीच्या बचावपटूसमोर भिंतीसारखा उभा राहतो. करी त्याला घासून निघतो. आता दोन बचावपटू करीकडे धावतात, कारण त्याला क्षणभर मोकळं सोडलं की थ्री गेलाच. त्याच क्षणी करी त्या दोघांच्या मधून किंवा डोक्यावरून बॉल ग्रीनला देतो. ग्रीन फ्री-थ्रो रेषेजवळ (फाउलनंतरचा मोकळा शॉट जिथून मारतात तिथे) बॉल घेऊन वळतो आणि त्याच्यासमोर चित्र असं असतं: आपले चार, त्यांचे तीन. डावीकडच्या कोपऱ्यात थॉम्पसन, उजवीकडे बार्न्स किंवा इग्वोडाला, बास्केटखाली बोगट. ज्याच्याकडे कोणी नाही त्याला पास. दोन सेकंदांत सगळं संपलेलं. ग्रीनने त्या हंगामात सामन्यागणिक सरासरी ७.४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतो असे पास) दिले आणि १३ ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड म्हणजे हुकलेले बॉल पकडणं, आणि असिस्ट अशा तीन गोष्टींत दोन आकडी संख्या) केले. पस्तिसाव्या क्रमांकावर निवडलेला, सेंटर म्हणून बुटका म्हणावा असा माणूस.

संघाची सरासरी २८.९ असिस्टची होती, लीगमध्ये सर्वाधिक. सरासरी ११४.९ गुण करायचे आणि १०४.१ द्यायचे. बोगटला बसवून ग्रीनलाच सेंटरला आणलं, सोबत करी, थॉम्पसन, बार्न्स, इग्वोडाला, की समोरच्या संघाच्या उंच माणसांना कोणामागे धावावं हेच सुचत नसे. अनेकदा तिसऱ्या क्वार्टरमध्येच सामना आवाक्याबाहेर जायचा आणि चौथ्यात करी टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसायचा. पुढे विश्रांतीचा वाद येणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या: तिन्ही मुख्य खेळाडूंची सरासरी सामन्यागणिक ३५ मिनिटांच्या आत होती.

नऊ रात्री

मिलवॉकीपासून सुरुवात करू. तो सात सामन्यांच्या सलग दौऱ्यातला शेवटचा सामना. आदल्या रात्री बोस्टनमध्ये दोन ओव्हरटाइम झाले होते, म्हणजे ४८ ऐवजी ५८ मिनिटांचा खेळ, आणि तोही थॉम्पसन व बार्न्सशिवाय. तो सामना १२४-११९ ने जिंकून विमानात बसायचं, पहाटे मिलवॉकीत उतरायचं आणि संध्याकाळी पुन्हा खेळायचं. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुंपो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि त्याने ट्रिपल-डबल केला. वॉरियर्स हरले ते त्यांचा खेळ कोणाला उमगला म्हणून नाही. पाय चालत नव्हते.

डॅलस, ३० डिसेंबर: करी नडगीच्या दुखापतीने बाहेर, ११४-९१ असा मार. डेन्व्हर, १३ जानेवारी: ग्रीनला विश्रांती दिली होती, दोन गुणांनी गेला. पूर्ण हंगामात ग्रीन फक्त हाच एक सामना खेळला नाही, आणि तोच हरला. डेट्रॉइट, १६ जानेवारी: त्या रात्री तिथल्या जुन्या खेळाडूची, बेन वॉलेसची, जर्सी सन्मानाने वर चढवली जात होती, घर भरलेलं होतं, ११३-९५. इथपर्यंतचे चार वॉल्टनच्या खात्यातले.

२२ जानेवारीला कर परतला. त्यानंतरचा पहिला पराभव १९ फेब्रुवारीला पोर्टलँडमध्ये, हंगामाच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी असणाऱ्या सुट्टीनंतरचा पहिलाच सामना. डेमियन लिलार्ड हा ओकलंडचाच पोरगा, त्याने ५१ गुण केले. १३७-१०५, हंगामातला सर्वांत मोठा पराभव.

आणि मग ६ मार्च, लॉस एंजलिस. रविवार दुपारचा सामना. तिथला लेकर्स संघ. ते त्या हंगामात एकूण १७ सामने जिंकले आणि ६५ हरले. त्यांच्या दिग्गज कोबी ब्रायंटचं ते शेवटचं वर्ष, संघ कोवळ्या पोरांचा. वॉरियर्स ५५-५ वर होते. त्या दुपारी वॉरियर्सने थ्रीचे ३० प्रयत्न केले आणि त्यातले ४ आत गेले. करी दहातून एक, थॉम्पसन आठातून शून्य. ११२-९५. मी या सामन्याला नऊमध्ये सर्वांत मोलाचा मानतो, कारण इथे सबब नव्हती. सगळे मोठे खेळाडू हजर होते. ज्या शस्त्रावर हा संघ उभा होता ते एखाद्या दुपारी म्यान होऊ शकतं आणि तसं झालं तर लीगच्या तळाचा संघही हरवू शकतो, हे त्या दिवशी दिसलं. जून महिन्यात याची आठवण येणार होती.

१९ मार्च, सॅन अँटोनिओ: पुन्हा लागोपाठची दुसरी रात्र, बोगट आणि इग्वोडाला बाहेर, करी थ्रीमध्ये बारातून एक. ७९-८७, हंगामातली सर्वांत कमी धावसंख्या, क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर.

शेवटचे दोन घरचे आहेत. ओरेकल अरीना या आपल्या मैदानात वॉरियर्स मागच्या हंगामापासून साखळीतले ५४ सामने सलग जिंकले होते. बुल्सचा ४४ चा विक्रम त्यांनी केव्हाच मागे टाकला होता. १ एप्रिलला बोस्टनने १०९-१०६ ने ती साखळी तोडली. आणि ५ एप्रिलला मिनेसोटा, २९ विजयांचा संघ, ओव्हरटाइममध्ये १२४-११७ जिंकून गेला.

आता हे नऊ एका ओळीत मांडून बघा. मिलवॉकी, डॅलस, डेन्व्हर, डेट्रॉइट, पोर्टलँड, लेकर्स, सॅन अँटोनिओ, बोस्टन, मिनेसोटा. एकही नाव दोनदा नाही. लीगमधल्या कुठल्याही संघाने त्यांना त्या साखळीत दुसऱ्यांदा हरवलं नाही. आणि तारखा बघितल्या तर सलग दोन पराभवही कुठे नाहीत. पोर्टलँडच्या त्या ३२ गुणांच्या माराच्या दुसऱ्याच रात्री लॉस एंजलिसमध्ये क्लिपर्सला तीन गुणांनी हरवलं. डेट्रॉइटनंतर दोन दिवसांनी क्लीव्हलँडला जाऊन १३२-९८. लेकर्सनंतर दुसऱ्या रात्री ऑरलँडोविरुद्ध करीचे ४१. मिनेसोटानंतर दोन दिवसांनी सॅन अँटोनिओवर ११२-१०१.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मर्म इथे आहे. २४ सलग विजय डोळ्यात भरतात, पण ७३ चा आकडा तयार झाला तो पराभवाच्या दुसऱ्या दिवशी. एरवी चांगल्या संघांचीही हंगामात दोन-तीन वेळा चार-पाच सामन्यांची घसरण होते आणि तिथेच सत्तरीचं गणित संपतं. वॉरियर्सची घसरण नऊ वेळा सुरू झाली आणि नऊही वेळा एका रात्रीत थांबली.

ओक्लाहोमा सिटीचा तो शॉट

विजयांतला एकच सामना तपशिलात सांगतो. २७ फेब्रुवारी, ओक्लाहोमा सिटी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये करीचा घोटा मुरगळला. ओक्लाहोमा सिटीचा रसेल वेस्टब्रुक त्याच्या पायावर पडला होता. करी लंगडत आत गेला, पट्टी घट्ट करून परत आला. मूळ वेळेतली शेवटची सेकंद शिल्लक असताना वॉरियर्स दोन गुणांनी मागे, इग्वोडालावर फाउल झाला, त्याने दोन्ही फ्री-थ्रो घातले. १०३-१०३. ओव्हरटाइममध्ये ११८-११८. वेस्टब्रुकचा शॉट हुकला, बॉल करीकडे आला. करने टाइमआउट घेतला नाही. करी रमतगमत म्हणावं तसा अर्धी रेषा ओलांडून आला आणि सुमारे ३८ फुटांवरून, म्हणजे साडेअकरा मीटरवरून, उडी मारली. समोरचा बचावपटू अजून मागे सरकतच होता, कारण इतक्या लांबून कोणी मारत नाही. ०.६ सेकंद उरले असताना बॉल आत.

करीचा त्या रात्रीचा हा बारावा थ्री, तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी. याच सामन्यात त्याने स्वतःचा २८६ चा आकडाही ओलांडला, हंगामाचे २४ सामने बाकी असताना. हा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी लागला होता. शॉट आत गेला तेव्हा मी हातातला चहाचा कप खाली ठेवायचा विसरून उभा राहिलो होतो, हे मला आजही आठवतं. घोट्यामुळे पुढचा अटलांटाचा सामना तो खेळला नाही आणि वॉरियर्स तोही ओव्हरटाइममध्ये जिंकले. हंगामात करी एकूण तीन सामने खेळला नाही, त्यातले दोन संघाने काढले.

शेवटचे चार

मिनेसोटाने हरवल्यावर गणित उघडं पडलं. ६९-९, चार सामने बाकी, चारही जिंकले तरच ७३. आणि ते चार म्हणजे दोनदा सॅन अँटोनिओ, दोनदा मेम्फिस. सॅन अँटोनिओ त्या वर्षी ६७-१५ होता. वॉरियर्स नसते तर तो हंगाम त्यांच्याच नावाने ओळखला गेला असता. घरी तर ते एकही सामना हरले नव्हते.

कर विश्रांतीच्या बाजूचा होता. पण त्याने निर्णय खेळाडूंवर सोडला आणि खेळाडूंनी विक्रम मागितला. यावर नंतर खूप टीका झाली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. साडेपाच महिने रोज जे कमावलं ते शेवटच्या आठवड्यात बाकावर बसून सोडून द्या, असं त्या माणसांना सांगणं माझ्याच्याने झालं नसतं.

७ एप्रिलला घरी सॅन अँटोनिओ, सत्तरावा विजय. ९ तारखेला मेम्फिसमध्ये चौथ्या क्वार्टरमध्ये दहा गुणांनी मागे होते. ग्रीनने हुकलेला शॉट हवेतच टिपून आत ढकलला आणि सामना १००-९९ ने निसटता जिंकला. १० तारखेला, पुन्हा लागोपाठची दुसरी रात्र, सॅन अँटोनिओत. या शहरात वॉरियर्स साखळीचा सामना १९९७ नंतर जिंकलेच नव्हते, सलग ३३ वेळा हरले होते. करीचे ३७, अंतिम आकडा ९२-८६. सॅन अँटोनिओने तो हंगाम घरी ४०-१ असा संपवला आणि ती एक रात्र ही होती. मार्चमध्ये याच गावात, अशाच दमलेल्या पायांनी, करी बारातून एक होता. तीन आठवड्यांत तेच गाव, तीच दमणूक आणि निकाल उलटा.

१३ एप्रिलला मेम्फिसविरुद्ध घरी. आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ होती, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीची सुट्टी. रस्त्यावर सकाळपासून निळे झेंडे आणि ढोल, आणि टीव्हीवर एकाच वेळी दोन सामने. ओकलंडमध्ये हा आणि लॉस एंजलिसमध्ये कोबीचा अखेरचा. मी वॉरियर्सचा लावला आणि मधल्या विश्रांतीत कोबीचा आकडा बघत राहिलो. तिकडे कोबीने ६० केले. इकडे करीने दहा थ्रीसह ४६ गुण करत ४०० चा टप्पा ओलांडला. १२५-१०४. ७३-९.

बुल्सचा १९९५-९६ चा हिशेब घरी ३९-२, बाहेर ३३-८. वॉरियर्सचा घरी ३९-२, बाहेर ३४-७. बरोबर एका परगावच्या सामन्याचा फरक. मेम्फिसमधला तो एका गुणाचा विजय आठवा.

जूनमध्ये काय बदललं

प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो. पहिल्या फेरीत ह्यूस्टनविरुद्ध करीचा आधी घोटा दुखावला, मग चौथ्या सामन्यात ओल्या जमिनीवर पाय घसरून गुडघा. पोर्टलँडविरुद्ध तो परतला आणि त्याच रात्री ओव्हरटाइममध्ये एकट्याने १७ गुण केले. दोन्ही मालिका ४-१. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध १-३ अशा मागे असताना तीन सामने सलग काढले. सहाव्यात थॉम्पसनचे ११ थ्री होते. आणि अंतिम फेरीत ३-१ वरून तीन सलग हरले.

सोपं स्पष्टीकरण थकव्याचं आहे: ७३ च्या मागे धावले आणि जूनमध्ये पाय उरले नाहीत. मला ते पटत नाही. ओली जमीन थकव्याने येत नाही. पाचव्या सामन्यात ग्रीन निलंबित होता, तो त्याच्या स्वतःच्या साचलेल्या फाउलमुळे. त्याच सामन्यात बोगटचा गुडघा गेला आणि मालिका त्याच्यासाठी संपली. बार्न्सने शेवटच्या तीन सामन्यांत ३२ शॉटपैकी ५ घातले. सातव्या सामन्यात सर्वांत जास्त मेहनतीचं काम करणाऱ्या ग्रीननेच ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट केले. करीच्या गुडघ्याबद्दल मात्र मी हटून बसणार नाही. तो एप्रिलमधला करी नव्हता, हे डोळ्यांना दिसत होतं.

मला उत्तर त्या नऊ नावांच्या यादीत दिसतं. साखळीत समोरचा संघ एक रात्र भेटतो. त्या रात्री त्याने काही ताडलं तरी पुढची भेट महिन्याने, आणि वॉरियर्स तोवर दहा गावं पुढे गेलेले. साखळीचा प्रश्न असा आहे: रोज नवा गडी, हातात तयारीला वेळ नाही, तुमचा नेहमीचा खेळ किती चांगला आहे? त्या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर कोणीच दिलेलं नाही. प्लेऑफचा प्रश्न वेगळा. तोच गडी दोन आठवडे समोर असतो, दर दोन-तीन दिवसांनी. तो तुमची एक-एक चाल सोडवत जातो. ओक्लाहोमा सिटीने उंच, लांब हातांचे बचावपटू एकमेकांच्या जागा बदलत करी-ग्रीनची चाल गुदमरून टाकली आणि दोन सामने सलग जिंकले, २८ आणि २४ गुणांनी. क्लीव्हलँडला सात भेटी मिळाल्या. करीला गाठायचं, पण बार्न्सला मोकळा सोडायचा, हे त्यांना कळलं आणि ते त्यावर टिकून राहिले.

साखळीत ज्या दोन गोष्टी एकदाही झाल्या नव्हत्या, सलग दोनदा हरणं आणि एकाच संघाकडून दोनदा हरणं, त्या दोन्ही या दोन मालिकांत झाल्या. ८२ सामन्यांत ९ पराभव होते. प्लेऑफच्या २४ सामन्यांतही बरोबर ९ च झाले.

१९ जूनच्या सातव्या सामन्यात थॉम्पसनने ८९-८९ अशी बरोबरी केली तेव्हा ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होती. त्यानंतर वॉरियर्सच्या नावावर एकही गुण लागला नाही. करी त्या रात्री थ्रीमध्ये चौदातून चार. लेकर्सविरुद्धची ती मार्चमधली दुपार मला तेव्हा आठवली. शस्त्र म्यान झालं होतं, फक्त यावेळी दुसरी रात्र उरली नव्हती.

पुढचं

जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटीचा तारा केव्हिन ड्युरंट आला आणि त्याच्या पैशाची सोय करताना बार्न्स, बोगट आणि दुसरा सेंटर फेस्टस इझीली ही मंडळी गेली. ७३ विजयांचा तो संघ तसाच्या तसा पुन्हा कधी खेळला नाही. नव्या संघाने २०१६-१७ मध्ये ६७ सामने आणि विजेतेपद जिंकलं, प्लेऑफमध्ये १६-१.

पराभवानंतर लगेच उठायची सवय मात्र नव्या संघातही टिकली. एप्रिल २०१५ पासून साखळीत सलग दोन पराभव नाहीत, ही मालिका १४६ सामन्यांपर्यंत लांबली. फेब्रुवारी २०१७ च्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये ड्युरंटचा गुडघा दुखावला आणि तो सामना गेला. दोन दिवसांनी, २ मार्चला, पुढचाही गेला, ९४-८७. तो सामना शिकागोत होता, बुल्सविरुद्ध.